स्लो-बर्न प्रेमकथा, माणूस-लांडगा आणि आपला ताडोबा

"वेअरवुल्फच्या प्रेमकथांवर पीएचडी? आणि त्यात ट्रॉमा कुठून आला?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आज त्याचंच उत्तर, थोडक्यात.

स्लो-बर्न म्हणजे मंद आचेवर शिजणारी प्रेमकथा. भेट पहिल्याच प्रकरणात, जवळीक मात्र वीस-पंचवीस प्रकरणांनंतर. वेअरवुल्फ म्हणजे कधी माणूस तर कधी लांडगा. या कथांत दोघांपैकी एक जण बहुतेक वेळा छळ सोसलेला, कळपातून हाकललेला असतो. म्हणूनच उशीर ही कथेची गरज ठरते. घाबरलेल्या माणसाला प्रेमाआधी सुरक्षितता लागते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, शेवटी माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. स्लो-बर्न पहिला टप्पा छान रंगवतं. आतून कडी लागणारी खोली, विचारल्याशिवाय न लागणारा हात, वेळेवर जेवण. तिसराही जमतो, कारण नवा कळप तयारच असतो. घाईत उरकला जातो तो मधला. नायिका एका रात्री सगळं सांगते, रडते आणि पुढच्या प्रकरणात ठणठणीत!

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र जनावर गोष्टीतलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसाच्या जंगलात 'सीटी-१' हा वाघ पकडला गेला, तोवर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मिळून १३ माणसं गेली होती. मोह वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेलं माणूस परत येत नाही, आणि पोटासाठी घरच्यांना पुन्हा त्याच जंगलात जावं लागतं. म्हणजे इथे पहिला टप्पाच अर्धवट राहतो. सरकारी मदत हवीच, पण तिने जंगलाची वाट सुरक्षित होत नाही.

मधल्या टप्प्याचं काय? ताडोबा या नावामागची दंतकथा बघा. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. तलावाकाठी, मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. या गोष्टीत जखम पुसली जात नाही. तिला जागा मिळते, वर्षातला महिना मिळतो, आणि आठवण एकट्या घराची न राहता सगळ्यांची होते. जत्रेने आज घरातलं माणूस गमावलेल्या बाईचं दुःख मिटतं, असं मला म्हणायचं नाही. पण शोक ही एका रात्रीची गोष्ट नाही, हे ही परंपरा ओळखते.

तेव्हा पुढची वेअरवुल्फ कथा वाचताना तीन प्रश्न विचारून बघा. 'नियतीने ठरवलेला जोडीदार' समोर असला तरी तिला नाही म्हणता येतं का? गेलेल्यांसाठी रडायला कथेत वेळ आहे का? आणि ती बरी होते ती फक्त नायकामुळे, की आजूबाजूची माणसंही सोबत असतात? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील, तर ती कथा नुसती हळू चालणारी नाही. तिला सावरणं म्हणजे काय ते कळलेलं आहे.