दोन किरणांची भेट : टूलरूमपासून औंढ्यापर्यंत

स्लिप गेज किती सपाट आहे, हे तपासण्याची एक जुनी पद्धत आमच्या नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूमवाल्यांना नवी नाही. गेजवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अत्यंत सपाट केलेली काचेची चकती, ठेवायची आणि एकरंगी दिव्याखाली पाहायचे. काचेच्या खालच्या पृष्ठभागावरून एक किरण परततो, गेजवरून दुसरा. मधल्या हवेच्या फटीमुळे दुसऱ्याला थोडे जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही एकत्र आल्यावर लाटेच्या शिखरावर शिखर पडले तर उजेड, शिखरावर दरी पडली तर अंधार. म्हणून काळे-उजळ पट्टे दिसतात. सोडियमच्या पिवळ्या दिव्यात लगतच्या दोन काळ्या पट्ट्यांमध्ये फट अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉनने बदलते. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर गेज सपाट. वाकले तर खोट आहे.

मात्र दोन्ही किरण एकाच उगमाचे हवेत. दोन वेगळ्या दिव्यांच्या लाटांचा मेळ क्षणोक्षणी बदलतो; त्यांना एकत्र आणले तर नुसता उजेड वाढतो. म्हणूनच मायकेल्सनने अर्धपारदर्शक आरशाने एकच किरण दुभंगला, काटकोनातल्या दोन वाटांनी धाडला आणि परत आल्यावर जुळवला. १८८७ मध्ये मॉर्लेसह केलेला त्याचा प्रसिद्ध प्रयोग याच मांडणीचा.

अमेरिकेतील लायगो वेधशाळांत या वाटा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या आहेत. परतणारे लेसर किरण एकमेकांना जवळजवळ विझवतील, असे जुळवलेले असतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथला उजेड किंचित बदलला, तो दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरीमुळे. भुजांच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता.

अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला उभारायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इतक्या खर्चाचे कारण दिशेत आहे. लहर कुठून आली, हे वेगवेगळ्या ठिकाणी ती पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून कळते. १४ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी इटलीतील व्हर्गोची जोड मिळाली आणि शोधायचे आकाश १,१६० चौरस अंशांवरून ६० वर आले. औंढा या सर्वांपासून दूर असल्याने हे क्षेत्र आणखी आवळेल.

मला यात दुसराही लाभ दिसतो. ज्या आयटीआयच्या मुलाने गेजवरचे पट्टे एकदा नीट वाचले, त्याला औंढ्याच्या यंत्राचे मूळ तत्त्व आधीच ठाऊक आहे. ते त्याला कोणीतरी मराठीत सांगायला हवे, इतकेच.