विश्लेषण : ऊसतोड, ऊन आणि 'पिशवी', फडात कामगारांच्या शरीराचे काय होते?

बीड जिल्ह्यातील नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचे संस्थान. पंचक्रोशीत ते 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी दसऱ्याला येथे मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा झाला. त्याच दिवशी याच जिल्ह्यात सावरगाव घाट येथे पंकजा मुंडे यांचा मेळावा होता. कोणाची गर्दी मोठी, यावर तेव्हा भरपूर लिहिले गेले. दसरा उलटला की दोन्हीकडच्या गावांत घडणारी एक गोष्ट मात्र सारखीच असते. घरांना कुलपे लागतात, म्हातारी माणसे मागे राहतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटककडे निघतात. त्या परततात त्या थेट मार्च-एप्रिलमध्ये.

या पाच-सहा महिन्यांत शरीराचे काय होते, याचे उत्तर एका शास्त्रात मिळत नाही. उष्णतेचा अभ्यास करणारे, मूत्रपिंडाचे आणि स्त्रीआरोग्याचे अभ्यासक आणि माणूस निर्णय कसे घेतो हे तपासणारे वर्तनशास्त्रज्ञ या सर्वांचे निष्कर्ष एकत्र ठेवले, तर चित्र थोडे स्पष्ट होते.

'कोयता' म्हणजे नेमके कोण?

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी जोडीला 'उचल' देतो आणि ती टनावर फेडायची असते. एक दिवस काम बुडाले की 'खाडा' पडतो, म्हणजे मजुरी जाते आणि वर दंड बसतो. बाई आजारी पडली तरी जोडी तुटते, म्हणून खाडा दोघांचाही. पहाटे फडात जायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. राहायला कोपी. संडास बहुतेक ठिकाणी नसतोच.

ही माहिती अनेकांना असते. पण आरोग्याच्या दृष्टीने तिच्यातला प्रत्येक तपशील महत्त्वाचा आहे.

गर्भाशयाचा आकडा

२०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि विधिमंडळात प्रश्न विचारला गेला. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हेच प्रमाण २.६ टक्के होते. दोन्ही सर्वेक्षणांतील वयोगट आणि पद्धत वेगळी असल्याने थेट भागाकार करू नये, पण एवढी मोठी तफावत केवळ पद्धतीमुळे पडत नाही.

बोलीभाषेत याला 'पिशवी काढणे' म्हणतात आणि हा शब्द बरेच काही सांगून जातो. लग्न लवकर, मुले लवकर, नसबंदीही लवकर. मग पिशवीचा उपयोग संपला, असा समज होतो. अंगावरून पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात जाते. यातल्या बऱ्याच तक्रारी औषधांनी बऱ्या होऊ शकतात. पण कर्करोगाची भीती घातली की शस्त्रक्रिया एकदाच करून मोकळे होण्याचा मार्ग वाटते. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीत जातो. चाळिशीच्या आत गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याच्या वयातले बदल एकदम सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा डोक्यावर मोळी घेते.

मूत्रपिंडाचा धागा कोठून आला?

हा धागा मध्य अमेरिकेतून आला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि तरीही मूत्रपिंड निकामी झालेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येने येत असल्याचे एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी २००२ मध्ये नोंदवले. निकाराग्वातील चिचिगाल्पा भागात ऊसतोड करणारे इतके पुरुष दगावले, की तेथील एका वस्तीला 'विधवांचे बेट' हे नाव पडले. बोस्टन विद्यापीठासह अनेक विद्यापीठांनी तेथे वर्षानुवर्षे रक्त-लघवीचे नमुने तपासले. कीटकनाशके, जड धातू, उसाच्या राखेतील सिलिका यांवरचा संशय अजून पूर्ण मिटलेला नाही. तरी सर्वांत भक्कम पुरावा उन्हातल्या अतिश्रमाकडेच बोट दाखवतो.

त्यामागचे कारण समजायला सोपे आहे. उन्हात जड काम करताना शरीर दोन ठिकाणी रक्त वळवते. स्नायूंकडे, कारण काम चालू आहे, आणि त्वचेकडे, कारण घाम यायला हवा. घामाने पाणी जाते, रक्ताचे आकारमान घटते आणि मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी रक्त येते. थकलेल्या स्नायूंतून बाहेर पडणारे घटकही त्यालाच गाळावे लागतात. एखाद्या दिवशी असे झाले, तर मूत्रपिंड सावरते. रोज, महिनोन्महिने झाले, तर आत व्रण साचत जातात. अंगदुखीसाठी घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. लक्षणे मात्र फार उशिरा दिसतात, तोवर बरेच नुकसान झालेले असते.

महाराष्ट्रातील तोडणी यापेक्षा वेगळी आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. तेथे फड आधी पेटवून मग ऊस तोडण्याची पद्धत रूढ होती, येथे बहुतांश ऊस हिरवाच तोडतात. येथे हंगामाचा मोठा भाग थंडीत जातो. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण फेब्रुवारीनंतरचे ऊन थंडीच्या खात्यात धरता येत नाही. शिवाय तेथील तोडणी मुख्यतः पुरुष करतात, येथे प्रत्येक कोयत्यात एक बाई आहे.

बाईच्या बाबतीत फरक काय पडतो?

याबद्दलचा भारतातला महत्त्वाचा अभ्यास चेन्नईच्या श्री रामचंद्र उच्च शिक्षण व संशोधन संस्थेतून आला. विद्या वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील सात मिठागरांतील ३५२ कामगार तपासले. सुमारे ९० टक्के कामगार उष्णतेच्या शिफारस केलेल्या मर्यादेच्या वर काम करत होते, तर सुमारे ७ टक्क्यांत मूत्रपिंडाची क्षमता घटलेली होती. ही मर्यादा साध्या तापमापकावरून ठरत नाही. हवेतील दमटपणा, थेट ऊन आणि तापमान एकत्र करून ती काढतात. त्यामुळे 'आज फक्त ३४ अंश' हे वाक्य फडातल्या माणसाला लागू पडेलच असे नाही.

याच संस्थेने ८०० गर्भवतींचा पाठपुरावा केला. कामावर जास्त उष्णता सोसणाऱ्या महिलांत गर्भपाताचे प्रमाण ५ टक्के आढळले, इतरांत २ टक्के.

येथे पर्यावरणाचा प्रश्न वर्तनाला येऊन भिडतो. आडोसा नसेल तर बाई पाणीच कमी पिते, लघवी दाबून धरते. हा अडाणीपणा नव्हे, परिस्थितीचा सरळ हिशेब आहे. पण त्याचा परिणाम दुहेरी होतो. कमी पाण्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि लघवी अडवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. ओटीपोटात दुखते म्हणून ती दवाखान्यात जाते, आणि तेथे कधी कधी चर्चा पिशवीची सुरू होते. म्हणूनच 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला आधी संडास दिल्याशिवाय निम्माच राहतो.

कर्ज असताना निर्णय कसे होतात?

२०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास आला. त्यात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची एकच बौद्धिक चाचणी तोडणीच्या आधी, हात तंगीत असताना, आणि नंतर, पैसे आल्यावर घेतली होती. तीच माणसे तंगीत असताना चाचणीत मागे पडली. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवते, असा अर्थ संशोधकांनी लावला. त्यावर नंतर वादही झाले, आणि हे शेतकरी होते, मजूर नव्हेत. तरीही डोक्यावर उचल, समोर खाडा आणि डॉक्टरांचे 'लवकर ठरवा' अशा अवस्थेतल्या संमतीला मोकळी संमती म्हणावे का, हा प्रश्न या अभ्यासाने टाळता येत नाही.

उपाय कोठे अडतात?

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले. ही पावले दवाखान्याच्या दारापाशी आहेत. दुखण्याची सुरुवात फडात होते.

निकाराग्वात ला इस्ला नेटवर्क आणि विद्यापीठांतील संशोधकांनी एका साखर कारखान्यात नेमके फडातच काम केले. सावली, क्षारयुक्त पाणी, स्वच्छता आणि ठरवून दिलेली विश्रांती. एका हंगामातील निष्कर्ष पाहून पुढच्या हंगामात विश्रांती वाढवली, तेव्हा सर्वांत जड काम करणाऱ्या तोडणी कामगारांत मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. विश्रांती तेथे कामगाराच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. टनावर मजुरी असताना कोणी आपणहून सावलीत बसत नाही.

हे इजेचे प्रमाण मोजण्यासाठी फार महागडे यंत्र लागले नव्हते. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच माणसाच्या रक्तातील क्रिएटिनिन पाहिले गेले. ती तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात, त्यामुळे बीडमध्ये तपासणीच्या या दोन वेळा दिनदर्शिकेवर आधीच ठरलेल्या आहेत. फक्त नोंद 'कोयता' म्हणून एक करून चालणार नाही. त्या ओळीत बाईचे नाव वेगळे लागेल.