कामगार कायद्याचा वकील कसा निवडायचा? नोटीस यायच्या आधीच वाचा



आज एक असा विषय घेतोय, जो कुणालाच आवडत नाही. कोर्ट, वकील, तारीख हे शब्द ऐकले की आपण म्हणतो, "नको रे बाबा, आपलं छोटं काम आहे, आपल्याला काय गरज?" आमच्या बॅचमधले एक दादाही हेच म्हणायचे. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता, त्यांची गोष्ट सांगतो.

दादांचं पावडर कोटिंगचं युनिट आहे, १४ माणसं कामाला. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसवरून एका हेल्परशी वाद झाला. दादा तापट. फोनवरच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." हेल्पर पाच वर्षं कामाला होता, पगार १२ हजार. दोन महिन्यांनी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र आलं, पुन्हा कामावर घ्या आणि मधल्या काळाचा पगार द्या.

दादा पत्र घेऊन त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. ज्यांनी फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट केलं होतं, त्यांच्याकडेच. वकीलसाहेब म्हणाले, "नेमणूकपत्र दिलंय का? नाही ना? मग तो सिद्ध काय करणार? लक्ष देऊ नका." दादांना हे ऐकून बरं वाटलं. कामगार आयुक्त कार्यालयातल्या दोन तारखा चुकवल्या. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, तिथेही कुणी उभं राहिलं नाही. शेवटी एकतर्फी आदेश आला, कामावर घ्या आणि मागचा पगार द्या.

मग कुणीतरी एका वकील मॅडमचं नाव सुचवलं, ज्या फक्त कामगार कायद्याचंच काम करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हजेरीपत्रक आणा." नव्हतं. "ईएसआयसी भरता?" हो, नियमित. मॅडम म्हणाल्या, "मग कागद नाही असं कसं म्हणता? तो तुमचा कामगार आहे हे दर महिन्याला तुम्हीच सरकारला लिहून दिलंय."

पुढचं वाक्य दादांच्या अजून लक्षात आहे, "तुमची बाजू कमकुवत आहे. जिंकायचं सोडा, कमीत कमी नुकसानीत बाहेर कसं पडायचं ते बघू." एकतर्फी आदेश रद्द करायला अर्ज केला, हेल्परशी बोलणी केली आणि २ लाख ४० हजारांवर, हप्त्यांमध्ये, मिटवलं. वकिलांची फी वेगळी.

आता हिशेब बघा. काम कमी झालंय म्हणून त्याला रीतसर कमी केलं असतं, तर एक महिन्याच्या नोटिशीचा पगार १२ हजार, दर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे भरपाई साधारण ३० हजार आणि ग्रॅच्युइटी साधारण ३४-३५ हजार. म्हणजे ७७ हजारांच्या आसपास. आणि गैरवर्तनासाठी काढायचं असतं, तर आधी आरोपपत्र आणि चौकशी. एवढं सांगणारा माणूस पहिल्याच दिवशी भेटला असता तर? आणि हेल्परलाही त्याचं हक्काचं मिळायला इतकी पायपीट करावी लागली नसती. तोही घर चालवणारा माणूस आहे, हे विसरू नका.

म्हणून वकील निवडणं हेही मशीन निवडण्याइतकंच विचारपूर्वक करायचं काम आहे. कसं करायचं, ते बघू.

१. आधी ठरवा, वकील हवाय की कन्सल्टंट?

पीएफ-ईएसआयसीची रिटर्न, चलन, रजिस्टरं बघणारा लेबर कन्सल्टंट वेगळा आणि वकीलपत्र घेऊन कोर्टात उभा राहणारा वकील वेगळा. रोजच्या कामाला कन्सल्टंट पुरतो. पण कुणाला कामावरून काढायचंय, मागणीपत्र आलंय, युनियनचं पत्र आलंय, लैंगिक छळाची तक्रार आलीय, तर वकीलच हवा. आणि जमीन, घटस्फोट, चेक बाउन्स करणारे वकील वाईट नसतात, त्यांचा रस्ता वेगळा असतो. दात दुखला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातो का?

२. शोधायचं कुठे?

गूगलवर "नंबर एक लेबर वकील" अशी जाहिरात दिसली तर जरा थांबा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करून काम मिळवायला मनाई आहे. चांगला वकील तोंडी नावानेच सापडतो.

तुमच्या सीएला विचारा. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेत विचारा. ज्याची केस होऊन गेलीय अशा शेजारच्या कारखानदाराला विचारा. पण "जिंकलात का?" एवढंच विचारू नका. "फोन उचलायचे का? तारखेला स्वतः यायचे का? मिटवायचा सल्ला वेळेवर दिला का?" हे विचारा. एक दिवस वेळ काढून कामगार न्यायालयाच्या बाहेर बसा. कोण तयारीने येतं आणि कोण नुसती पुढची तारीख मागतं, दोन तासांत कळतं.

३. पहिल्या भेटीत त्याचे प्रश्न मोजा

ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा आहे. तुमचं प्रकरण थोडक्यात सांगा आणि गप्प बसा. तो काय विचारतो ते बघा.

चांगला वकील विचारेल, माणूस कधीपासून कामाला आहे? वर्षात २४० दिवस भरलेत का? नेमकं काम काय करतो, हेल्पर की सुपरवायझर? पगार किती, रोख की बँकेत? एकूण माणसं किती? लेखी काय दिलंय? व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहिलंय?

यातलं काहीही न विचारता जो "करून टाकू, काळजी सोडा" म्हणतो, त्याला नमस्कार करा आणि चहा पिऊन बाहेर पडा.

४. नवीन कायदे माहीत आहेत का, हे तपासा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्यात. २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत आलेत, त्यात १९४७ चा औद्योगिक विवाद कायदाही आहे. त्यामुळे "मी तीस वर्षं हेच करतोय" हे एकटं उत्तर आता पुरत नाही. तीन साधे प्रश्न विचारा.

"माणूस सोडून गेला तर त्याचा हिशेब किती दिवसांत द्यायचा?" वेतन संहितेत दोन कामाचे दिवस आहेत.

"मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी कधीपासून?" आता त्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवर मिळते.

"माझ्या सुपरवायझरला कामगार धरतील का?" इथे पगाराची मर्यादा १० हजारांवरून १८ हजार झालीय, पण प्रत्यक्ष काम काय करतो हेही बघावं लागतं.

अडखळला आणि "बघून सांगतो" म्हणाला, तरी चालेल. प्रामाणिक आहे. पण ठोकून काहीही सांगितलं तर समजून जा.

५. तो फक्त कोर्टाचा आहे की समेटाचाही?

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे कामगार कार्यालयातल्या पहिल्या टप्प्यावर, पक्षकारातर्फे वकील उभा राहू शकत नाही. तिथे तुम्हालाच जावं लागतं. न्यायालयातसुद्धा वकील उभा राहायला समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते.

म्हणून असा वकील हवा जो तुमची आधी तयारी करून घेईल. काय बोलायचं, काय कबूल करायचं नाही, कुठला कागद न्यायचा. आमच्या दादांचं प्रकरण याच टप्प्यावर निम्म्याहून कमी पैशात मिटलं असतं.

आणि "त्याला वकील परवडणार नाही" या भ्रमात राहू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो.

६. फीचं आधी, स्पष्ट आणि लेखी

लाजू नका. सल्ल्याची फी किती? केसची एकरकमी की टप्प्याटप्प्याने? प्रत्येक तारखेचे वेगळे का? टायपिंग, झेरॉक्स, प्रवास कुणाकडे? पुढे हायकोर्टात गेलं तर? सगळं एका कागदावर किंवा मेसेजवर लिहून घ्या, पावती मागा.

"वाचवलेल्या रकमेतले दहा टक्के द्या" असं कुणी म्हणालं, तर तेही नियमात बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे. आणि "साहेबांना मॅनेज करतो" हे शब्द ऐकले की उठाच. असा माणूस उद्या तुम्हालाही मॅनेज करेल.

७. बाजू बदललेली नाही ना?

"या कामगाराचं किंवा त्याच्या युनियनचं काम तुम्ही कधी पाहिलंय का?" हे सरळ विचारा. कामगारांच्या बाजूने लढलेला वकील चालतो, उलट त्याला समोरचा काय करेल हे आधी कळतं. पण याच प्रकरणात त्याने समोरच्याला सल्ला दिलेला नसावा.

निवडल्यानंतर तुमची कामं

वकील ठरला म्हणजे आपण सुटलो, असं नाही. मूळ कागद शक्यतो स्वतःकडे ठेवा, गरजेपुरते द्या आणि पोच घ्या. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत फाइलला लावा. प्रत्येक तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहा आणि संध्याकाळी "आज काय झालं?" हा एक मेसेज करा. सलग दोनदा उत्तर आलं नाही, तर स्वतः जाऊन भेटा. नाहीच जमलं, तर फीचा हिशेब मिटवून, त्यांची ना हरकत घेऊन दुसरा वकील करा. आणि त्याच्यापासून काहीही लपवू नका. फोनवर रागात काय बोललात, तेही सांगा. समोरच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

या आठवड्याचा गृहपाठ

केस नसतानाच एका वकिलाला तासाभराची फी देऊन भेटा. जाताना चार गोष्टी न्या, माणसांची यादी रुजू तारखेसह, हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि नेमणूकपत्राचा नमुना. विचारा, "उद्या यातल्या कुणी तक्रार केली, तर माझं काय चुकलेलं निघेल?" जे उत्तर येईल ते लिहून घ्या आणि महिनाभरात दुरुस्त करा.

दादा आता हेच करतात, दरवर्षी एप्रिलमध्ये. मॅडमनी सांगितल्यावर त्यांनी सगळ्यांना नेमणूकपत्रं दिली. मागच्या वर्षी ऑर्डर कमी झाल्या म्हणून एकाला कमी करावं लागलं. नोटीस दिली, हिशेब दिला, हात मिळवला. या मे महिन्यात काम वाढलं आणि दादांनी पहिला फोन त्यालाच केला. तो परत आलाय, आता नवीन पोरांना गन कशी धरायची ते शिकवतो.

तुमचे कागद तपासा, कामाला लागा. भेटू पुढच्या लेखात!