पावती नसलेला कर

भ्रष्टाचार ही केवळ नीतिमत्तेची बाब आहे, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहासाचे अध्यापन करताना ती अर्थकारणाचीही बाब असल्याचे आम्हांस वारंवार जाणवले आहे.

सरकारी कराचा दर ठाऊक असतो, त्याची पावती मिळते, अन्याय झाल्यास दाद मागता येते. लाचेचा दर मात्र मागणारा ठरवतो आणि उद्या पुन्हा मागणी होणार नाही, याची हमी कोणीच देत नाही. अशा अनिश्चिततेत दीर्घ मुदतीचे भांडवल गुंतवण्यास कोणी धजावत नाही. मोठा उद्योजक दुसऱ्या देशाची वाट धरतो. लहान उद्योजकाला तीही वाट नसते.

आफ्रिकेतील मोझांबिकचे उदाहरण बोलके आहे. 2013-14 मध्ये ट्यूना मासेमारी व सागरी सुरक्षा यांच्या नावाखाली तेथील तीन कंपन्यांनी सरकारी हमीवर सुमारे 2 अब्ज डॉलरची कर्जे घेतली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक संसदेपासून दडवली गेली. 2016 मध्ये हे उघड होताच आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने व साहाय्यक देशांनी अर्थसाहाय्य रोखले, चलन घसरले, महागाई भडकली. माजी अर्थमंत्री मॅन्युएल चँग 2024 मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयात दोषी ठरले. परंतु झळ सोसली ती सामान्य जनतेने.

युगांडाचा अनुभव आम्हां शिक्षकांस अधिक जवळचा वाटतो. 1991 ते 1995 या काळात प्राथमिक शाळांच्या वेतनेतर अनुदानापैकी सरासरी अवघे 13 टक्के शाळांपर्यंत पोहोचले, असे सर्वेक्षणात आढळले. त्यातही सधन वस्तीतील शाळांना अधिक वाटा मिळाला. गरिबांच्या शाळा रित्याच राहिल्या. पुढे शासनाने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांतून छापल्या, शाळांच्या फलकांवर लावल्या. इतर सुधारणांचीही जोड मिळाली आणि 2001 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. हिशेब गुप्त राहिला की प्रथम दुर्बलांचा वाटा नाहीसा होतो. तो फलकावर आला की पालकही प्रश्न विचारू शकतो. आपल्याकडे 2005 चा माहिती अधिकार कायदा हेच सामर्थ्य नागरिकांस देतो. आमचे माजी विद्यार्थी आज जेथे जेथे कार्यरत आहेत, तेथे त्यांनी हिशेब मागावा आणि स्वतःचाही हिशेब खुला ठेवावा. अक्षरओळखीचे खरे सार्थक त्यातच आहे, असे आम्ही मानतो.