माळ्यावरची खोली आणि परवानगीचा कागद

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील जुन्या पेठांतील आपल्या घरांची मांडणी बहुधा ठरलेली असते : पुढे दुकान, मागे राहते घर, वर माळा. माळ्यावर बारदान, पितळी भांडी, पणजोबांच्या खतावण्या. (परिग्रहाचे प्रमाण पाहावयाचे असेल तर माळ्यावर चढावे.) मुलाचे लग्न ठरले, की साऱ्या घराची दृष्टी प्रथम या जागेकडे वळते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र माळा आणि खोली या दोन भिन्न वस्तू आहेत. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आपल्या जिल्ह्यासही लागू आहे. तिच्या लेखी पोटमाळा म्हणजे केवळ साठवणीची, जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीची जागा. राहत्या खोलीस मात्र किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट उंची हवी, शिवाय उजेड आणि वारा हवा. पुरुषभर उंचीही नसलेल्या माळ्यावर पलंग टाकल्याने ती खोली होत नाही.

येथे एक गैरसमज फार आढळतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार घराच्या केवळ आतल्या भागातील दुरुस्ती अथवा सुधारणेस परवानगी लागत नाही. ‘काम तर आतलेच आहे’ हा युक्तिवाद त्यातूनच येतो. परंतु नऊ फूट उंची मिळवायची तर छप्पर उचलावे लागते, उजेडासाठी खिडकी आणि चढण्यासाठी जिना काढावा लागतो. मग ते काम आतले राहत नाही. शिवाय वाढलेले क्षेत्र चटई क्षेत्रातही मोजले जाते. विनापरवाना बांधकामास कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते. ‘पुढे नियमित करून घेऊ’ ही आशाही व्यर्थ आहे : २०१७ च्या दुरुस्तीने दिलेली सवलत ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांपुरतीच होती.

आपल्या परंपरेनेही या विषयास स्थान दिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. टीकाकार तो प्रामुख्याने व्यापाराच्या संदर्भात उलगडतात. तथापि राज्याची मर्यादा चुकवून मिळवलेली जागा त्याच्या बाहेर कशी राहील, हे मला उमगत नाही.

कागदापेक्षाही मोठा प्रश्न भिंतींचा आहे. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर असतो. खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच जड छपरांखाली आणि भिंतींखाली माणसे गाडली गेली. बळींची संख्या दहा हजारांच्या घरात होती. लातूर जिल्हा आपल्या शेजारचा. अशा भिंतींवर नवा मजला चढविण्यापूर्वी गवंड्याच्या अंदाजावर न विसंबता संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. भिंत शेजाऱ्याशी समाईक असेल, तर त्याच्याशी बोलणे आधी, हातोडा नंतर.

अर्ज शहरात नगरपरिषदेकडे अथवा नगरपंचायतीकडे, गावठाणात ग्रामपंचायतीकडे करावयाचा. परवानाधारक वास्तुविशारदाने अथवा अभियंत्याने काढलेला नकाशा आणि मालमत्ता पत्रक जोडावे लागते. खरी अडचण याच पत्रकात निघते. वाडा अद्याप आजोबांच्या नावे असतो आणि वारस पुणे, सोलापूर, संभाजीनगरला विखुरलेले असतात. सर्वांची लेखी संमती मिळविण्यास कार्यालयीन कामापेक्षा अधिक काळ लागतो. म्हणून नकाशाआधी भावा-बहिणींना पत्र लिहावे. साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. पण बांधकाम नियमांत बसत असेल तरच. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, मुदतवाढ मागता येते.

माळवदाची माती पावसाळ्यात उघडू नये. घरास ते धोक्याचे आहेच, शिवाय चातुर्मासात ओल्या मातीत जीवोत्पत्ती फार. तेथे यतना राखणे कठीण. माळ्यावर पारव्यांची घरटी असतील, तर पिले उडून जाईपर्यंत थांबावे. दिवाळीनंतर लगेच अर्ज केला, तर साठ दिवस धरूनही संक्रांतीनंतरचे कोरडे महिने कामाला मिळतात.