पुठ्ठा, कात्री आणि कुरमुरे

बारावीतल्या मुलाला क्ष³चा डेरिव्हेटिव्ह विचारा. घात खाली आणायचा, घातातून एक वजा करायचा, ३क्ष². उत्तर तयार असतं. पण हे ३क्ष² म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की तोच मुलगा विचारतो, ‘हे पेपरला येतं का?’ पुढचा खेळ त्या मुलासाठी आहे.

प्रत्येक गटाला २४ सेंमी बाजूचे दोन चौरस पुठ्ठे, कात्री आणि चिकटपट्टी द्यायची. सगळ्यांत मिळून कुरमुऱ्यांची मोठी पिशवी आणि मिलिलिटरच्या खुणांचं एक भांडं. (तांदूळ नकोत, लिटरभर तांदळानं पुठ्ठ्याला पोट सुटतं.) चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापले, कडा उभ्या दुमडल्या की बिनझाकणाचा खोका होतो. ज्याच्या खोक्यात जास्त कुरमुरे मावतील तो गट जिंकला. माप पट्टी फिरवून, सपाट. शीग लावायची नाही. किती सेंमी कापणार ते आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि पहिल्या फेरीत आकडेमोडीला बंदी.

मापं झाली की आकडे फळ्यावर मांडायचे. कुरमुऱ्यांच्या मापात थोडं इकडेतिकडे होतंच, म्हणून शेजारी हिशेबानं काढलेलं घनफळही लिहावं. १ सेंमी कापलं तर ४८४ घन सेंमी, २ ला ८००, ३ ला ९७२, ४ ला १०२४. ५ ला मात्र ९८० आणि ६ ला ८६४. घनात सगळ्यात जास्त मावतं, हे कुठंतरी ऐकलेला एखादा गट ८ कापतो. त्याचा ८×८×८चा देखणा खोका भरतो ५१२, म्हणजे बरोबर निम्मा! घनाची ती गोष्ट झाकणासकटच्या खोक्याची. शिवाय या गटाचा २५६ चौ. सेंमी पुठ्ठा कचऱ्यात गेलेला असतो.

आता थांबून विचारायचं: कात्री जरा पुढं सरकवली तर काय मिळतं, काय जातं? उंची वाढते, तळ आक्रसतो. ४ सेंमीवर तळ १६×१६. म्हणजे उंची वाढल्याचा फायदा दर सेंमीला २५६ या दरानं. तळाची प्रत्येक बाजू कापाच्या दुपटीनं घटते, त्यामुळे तळ दर सेंमीला ६४ चौ. सेंमीनं कमी होतो. त्याला उंची ४ नं गुणा, तोटाही २५६. तिथं रस्सीखेच बरोबरीत सुटते. ३ वर उंची जिंकत होती, ५ वर तळ हरवतो. प्रॉडक्ट रूल तो हाच, फक्त त्याचं नाव अजून घेतलेलं नाही.

हेच जिओजेब्रात स्लायडर सरकवून दोन मिनिटांत दाखवता येतं. टेक्ससच्या ट्रायसियम कंपनीनं २०१७ मध्ये लिमिटवर ‘व्हेरिएंट : लिमिट्स’ नावाचा व्हिडिओ गेमही काढला. स्लायडर आलेखासाठी जरूर वापरावा; पण तो परत मागं नेता येतो आणि कापलेला पुठ्ठा जोडता येत नाही, म्हणून पैज पुठ्ठ्यावरच लावावी. बरोबर उत्तराला चांदणी देणाऱ्या ॲपना मी खेळ म्हणणार नाही. ती वेशांतर केलेली चाचणी परीक्षा.

दुसऱ्या पुठ्ठ्याला मिलिमीटरची मुभा द्या. कुणी ३.९ कापेल, कुणी ४.१. दोन्ही खोके १०२३.५च्या आसपास, कुरमुऱ्यांनी तर फरक कळणारच नाही, भांडणं होतील. होऊ द्यावीत. १ वरून २ वर जाताना ३१६चा फायदा होता, इथं दोन मिलिमीटर सरकूनही हातात काही येत नाही. आलेख माथ्यावर सपाट असतो, तो असा.

मगच फळ्यावर घनफळ = क्ष(२४ − २क्ष)² लिहायचं आणि डेरिव्हेटिव्ह काढायचा: १२(१२ − क्ष)(४ − क्ष). तो शून्य होतो ४ वर आणि १२ वर. चार तर ओळखीचा झाला. बाराचं काय, हे पाहायला एक पुठ्ठा राखून ठेवलेला असावा. १२ सेंमीचे चौरस कापले की हातात चार सुटे तुकडे येतात, खोका नाहीच.