अन्नाशीं वैर : एक आजार आणि उपचाराच्या सोयी

मराठवाड्याच्या ज्या भागानें १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून पोट भरलें, त्या भागांत "घरांत दाणे असतांना माणूस उपाशी राहतो, आणि हा एक आजार आहे," असें कोणी म्हटलें, तर ऐकणाऱ्यास तें श्रीमंतांचें खूळ वाटावें यांत नवल नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा याच भागांतला. औंढा नागनाथ आणि नरसी नामदेव हीं क्षेत्रें जिल्ह्यांतच असल्यामुळें एकादशी, शिवरात्र, श्रावणी सोमवार हे उपवास येथील घराघरांत चालतात. अशा घरांतील मुलीनें जेवण कमी केलें कीं आरंभीं तिचें कौतुक होतें, पुढें रागावणें होतें, मग कोणी दृष्ट काढतें. दवाखाना आठवतो तो फार शेवटीं. आणि खरें नुकसान होतें तें नेमकें या मधल्या महिन्यांत.

वैद्यकशास्त्रांत या आजारांचे मुख्य प्रकार तीन मानतात. पहिल्या प्रकारांत रोगी आहार इतका तोडतो कीं हाडें दिसूं लागतात, तरी त्याला आपण बारीक झालों असें वाटत नाहीं. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग या दोन वैद्यांनीं १८७३ च्या सुमारास, एकमेकांशीं विचारविनिमय न करतां, त्याचें वर्णन केलें. गल यांनीं दिलेलें ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हें नांव आजहि चालतें. मात्र तें फसवें आहे. त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणें असा होतो. वास्तविक पुष्कळ रोग्यांना भूक असते; ती दाबून टाकण्यांतच त्यांची सारी शक्ति खर्च होते. दुसऱ्या प्रकारांत रोगी थोड्या वेळांत भराभर पुष्कळ खातो आणि मग भीतीनें ओकून किंवा जुलाबाचीं औषधें घेऊन तें बाहेर टाकतो. याला ‘बुलिमिया’ म्हणतात, आणि त्याचें वेगळें निदान १९७९ सालीं जेरल्ड रसेल यांनीं मांडलें. या रोग्याचें वजन पुष्कळदां नेहमीसारखेंच असतें, म्हणून घरांत वर्षेंच्या वर्षें कोणाला पत्ता लागत नाहीं. तिसऱ्यांत नुसतें अनावर खाणें असतें, बाहेर टाकणें नसतें. त्याला २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत स्वतंत्र स्थान मिळालें. आजार मुलींत अधिक दिसतो हें खरें, परंतु मुलगे आणि प्रौढ माणसेंहि त्यांतून सुटलेलीं नाहींत.

आपल्याकडे या आजाराचें रूप थोडें निराळें दिसतें. १९९५ सालीं दिल्लीच्या डॉक्टरांनीं पांच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनीं अन्न नाकारलें होतें, वारंवार उलट्या होत होत्या, वजन खूप उतरलें होतें आणि मासिक पाळी बंद झाली होती. परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत प्रामुख्यानें वर्णिलेला, आपल्या शरीराकडे पाहण्याचा विपरीत भाव त्यांच्यांत आढळला नाहीं. हाँगकाँगच्या तज्ज्ञांनाहि असाच अनुभव आला. तेथील कित्येक मुली "मी जाड होईन" असें म्हणत नव्हत्या. "पोट भरल्यासारखें वाटतें, भूकच नाहीं," असें म्हणत होत्या. मराठी घरांतहि मुलगी हेंच म्हणते, आणि म्हणूनच तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेतात. एंडोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, सर्व ठीक निघतें. घरच्यांना वाटतें, मग हा हट्टच! तसा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. तपासणींत कांहीं न सांपडणें हा आजार नसल्याचा पुरावा नव्हे.

मग उपवास आणि आजार यांत फरक कसा करावा, असें एखादा श्रोता विचारील. उपवासाला दिवस असतो आणि पारणें असतें. द्वादशीला माणूस आनंदानें जेवतो. आजारांत पारणें येतच नाहीं. एका उपवासाला दुसरा जोडला जातो, फराळाचे पदार्थहि गळूं लागतात, ताटांतली भाकरी चिवडून बाजूला सरकवली जाते, पंगतीला बसणें टाळलें जातें, जेवून उठतांच न्हाणीघराचें दार लावलें जातें. थंडी फार वाजते, केस गळतात, पाळी चुकते. यांपैकीं दोन-तीन गोष्टी महिनाभर एकत्र दिसल्या तर वजन करून घ्यावें. प्रौढांसाठीं वजनाचा किलोग्रॅममधील आंकडा मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागला असतां येणारा आंकडा १८.५ पेक्षां खालीं असणें हें कमी वजन होय. पांच फूट उंचीच्या स्त्रीच्या बाबतींत हें वजन सुमारें त्रेचाळीस किलो होतें. वाढत्या वयाच्या मुलामुलींना हा आंकडा जसाचा तसा लावूं नये. त्यांचें वजन वयाप्रमाणें वाढतें आहे कीं घटतें आहे, हें पाहावें.

धोका कोठें आहे हें नीट समजून घ्यावयास हवें, कारण येथें घरची मायाच घातक ठरूं शकते. वारंवार ओकण्यानें रक्तांतील पोटॅशियम घटतें आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. या कारणानें धडधाकट दिसणारी मुलगीहि अकस्मात् दगावूं शकते. दुसरा धोका याच्या उलट आहे. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी असलेलें शरीर चरबी जाळून जगत असतें. अशा माणसाला घाईघाईनें शिरा, दूध, साखरपाणी भरपूर दिलें कीं इन्शुलिन एकदम वाढतें, आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हीं द्रव्यें रक्तांतून पेशींत ओढलीं जातात. त्यांचें रक्तांतील प्रमाण कोसळतें. हृदय आणि श्वास दोन्ही अडखळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं सुटलेल्या उपाशी कैद्यांत हें प्रथम ठळकपणें दिसून आलें. म्हणून पांच दिवसांहून अधिक काळ नगण्य आहार घेतलेल्या माणसाला घरीं एकदम पोटभर जेवूं घालूं नये. आधीं रक्त तपासून घ्यावें. रुग्णालयांत अशा रोग्याला थायमिन हें जीवनसत्त्व देऊन थोड्या आहारापासून आरंभ करतात आणि रोज रक्त पाहून तो वाढवितात. चक्कर येऊन पडणें, नाडी फार मंद होणें, पायांवर सूज येणें, हीं लक्षणें असतील तर त्याच दिवशीं रुग्णालय गाठावें.

आतां सोयींकडे वळूं. कळमनुरी, सेनगांव, वसमत, औंढा यांपैकीं कोठल्याहि तालुक्यांतील खेड्यापासून पहिली पायरी म्हणजे आशाताई आणि उपकेंद्र, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, आणि हिंगोलीचें जिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीं सुरू झाला. त्याची जिल्हा-शाखा १९९६ पासून चालूं झाली. तिच्या योजनेप्रमाणें जिल्ह्याच्या ठिकाणीं मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असें पथक असावें. ही रचना सर्व मनोविकारांसाठीं आहे. खाण्याच्या आजारांचा वेगळा कक्ष तींत नाहीं, आणि ही उणीव लहान नव्हे. एकटा मनोविकारतज्ज्ञ येथें पुरत नाहीं. शरीराचा डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मनाचा डॉक्टर या तिघांनीं मिळून रोगी पाहिला तरच गुण येतो. म्हणून रोग्याच्या नातेवाइकांनींच "वजन, रक्त आणि मन या तिन्ही गोष्टी पाहा" असें आग्रहानें सांगावें. मोठ्या तपासण्यांसाठीं नांदेडचें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. हिंगोलीलाहि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालें असून त्याचें उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्यें झालें.

पैशाची धास्ती अनेकांना दवाखान्याच्या दारापासून परत फिरविते. त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यांत आले. शिवाय २९ मे २०१८ रोजीं अमलांत आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनें वागविण्याचा आणि विमा कंपन्यांनाहि त्याच नियमानें विमा देण्याचा दंडक घातला आहे.

ज्यांना गांवांत चर्चा होईल याची भीति वाटते, त्यांच्यासाठीं दूरध्वनीची सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. दिवसरात्र, विनामूल्य, मराठींतूनहि बोलतां येतें. रोगी स्वतः बोलावयास तयार नसेल तर आईनें किंवा भावानें बोललें तरी चालतें. दूरध्वनीवर वजन होत नाहीं कीं रक्त तपासतां येत नाहीं, हें मात्र विसरूं नये. ती पहिली पायरी आहे, उपचार नव्हे. किशोरवयीन मुलामुलींसाठीं २०१४ सालीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वर्षांच्या मुलांचें पोषण आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय त्यांत आहेत. महाराष्ट्रांत त्यांतील सल्लाकेंद्रांस ‘मैत्री’ म्हणतात. नांव चांगलें आहे.

येथें एका साध्या, पण खेड्यापाड्यांत फार आढळणाऱ्या विकाराचाहि उल्लेख करावयास हवा. माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ गर्भवती स्त्रियांत आणि मुलांत दिसते. ‘पायका’ नांवाचा हा विकारहि खाण्याच्या आजारांतच गणला जातो. पुष्कळदां त्याच्यामागें रक्तांतील लोहाची कमतरता असते, आणि मातीबरोबर जंत पोटांत जाऊन ती कमतरता आणखी वाढते. मुलाच्या हातावर छडी मारून ही ओढ जात नाहीं. अंगणवाडींत आणि शाळेंत मिळणाऱ्या लोहाच्या व जंताच्या गोळ्या येथें मोलाच्या आहेत. त्यांनीं ओढ गेली नाहीं, तर मात्र मनाच्या डॉक्टरांनाहि दाखवावें.

उपचारांत घराचा वाटा मोठा आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांत विकसित झालेल्या पद्धतींत मुलाला दवाखान्यांत वेगळें ठेवण्यापेक्षां आईबापांनींच कांहीं महिने त्याच्या जेवणाची सूत्रें हातीं घ्यावींत, असें ठरविलें आहे. आपल्या घरांना हें परकें वाटूं नये. ताट कोणी वाढावयाचें, शेजारीं कोणी बसावयाचें, जेवणानंतर अर्धा तास गप्पा मारीत कोणी थांबावयाचें, हें आजी, मावशी, भाऊ यांनीं वाटून घ्यावें. "हाडांचा सांपळा झालीस" किंवा "आतां अंगानें भरलीस हो" हीं दोन्ही वाक्यें घरांतून हद्दपार करावींत. दुसऱ्या वाक्यानें तर महिन्याचें काम एका क्षणांत पुसलें जातें.

डॉक्टरांकडे जातांना एक लहानशी वही न्यावी. तींत गेल्या आठवड्यांत काय व किती खाल्लें, उलट्या किती झाल्या, शेवटची पाळी केव्हां आली, पूर्वीचें वजन किती होतें आणि कोणतीं औषधें चालूं आहेत, एवढें टिपलेलें असावें. मुलीला कांहीं वेळ डॉक्टरांशीं एकटीनें बोलूं द्यावें. बरें होण्यास महिने लागतात, कित्येकदां वर्षें. म्हणून पहिल्या भेटीच्या वेळींच पुढची तारीख लिहून घ्यावी.